मॉड्यूल लोड होत नाही? कोडला हात लावण्याआधी सर्व्हरचा लॉग मिळव

भावा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. गोकुळ शिरगावच्या फौंड्रीसाठी तू रेडिसचं (मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसचं) मॉड्यूल, म्हणजे त्याला जोडायची आपली पुरवणी, सी मध्ये लिहिलंस, हीट नंबर (प्रत्येक वितळीचा नंबर) द्यायच्या आणि तपासायच्या स्वतःच्या कमांड केल्यास. लॅपटॉपवर सगळं चालतंय. गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर मात्र 'एरर लोडिंग द एक्स्टेन्शन, प्लीज चेक द सर्व्हर लॉग्ज' एवढंच उत्तर येतंय, आणि होस्टिंगवाले म्हणतायत, 'सर्व्हर ओके आहे, तुमचा कोड तपासा.' म्हणून आता तू सगळं मॉड्यूल नव्याने लिहायला बसणार आहेस.

बसू नकोस. निदान आज तरी नको.

हेडर फाइल कुठली घ्यायची, कमांडची नोंद कशी करायची, आर्ग्युमेंट कशी मोजायची हे मी सांगत बसत नाही. लॅपटॉपवर चालतंय म्हणजे ते तुला येतं. माझा अनुभव रेडिसच्या 6 आणि 7 या मालिकांवरचा आहे, त्या हिशोबानेच पुढचं वाच.

सगळ्यात आधी हे समजून घे की तुला दिसणारं वाक्य चार वेगवेगळ्या दुखण्यांना एकच येतं. पहिलं, फाइलला एक्झिक्यूटची परवानगी नाही. दुसरं, डीएलओपन फसलं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमलाच तुझी डॉट एसओ फाइल (मॉड्यूलची बांधलेली फाइल) मेमरीत घेता आली नाही. तिसरं, फाइल उघडली पण तिच्यात रेडिसमॉड्यूल_ऑनलोड हे, लोड करताना रेडिस बोलावतो ते फंक्शन सापडलं नाही. सी++ मध्ये लिहून 'एक्स्टर्न सी' लावायचं राहिलं की हमखास असं होतं. चौथं, ऑनलोड चाललं पण त्याने एरर परत दिली, उदाहरणार्थ त्या नावाचं मॉड्यूल किंवा कमांड सर्व्हरवर आधीच आहे. क्लायंटला या चारही वेळा तेच वाक्य दिसतं. चारातलं कुठलं दुखणं आहे हे फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि तिथे ते अगदी स्पष्ट असतं. चारातल्या पहिल्या दोन कारणांत तर तुझ्या कोडची एक ओळही चाललेली नसते, मग तो तपासून काय मिळणार?

आता आमचं ऐक. एका साखर कारखान्याच्या यार्डासाठी आम्ही असंच मॉड्यूल केलं होतं. उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली गेटवर आली की तिला पाळीचा नंबर, मग भरतीचं वजन, गव्हाणीवर खाली झाली की रिकामं वजन. सगळ्या काट्यांवरून एकाच वेळी मागणी आली तरी नंबर दोनदा जाता कामा नये. सर्व्हर कारखान्याने एका होस्टिंग कंपनीकडे ठेवला होता. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. गाळप हंगाम तोंडावर आला होता, आणि मॉड्यूल तुझ्यासारखंच लॅपटॉपवर चालत होतं आणि तिथे लोड होत नव्हतं.

आम्ही त्यांच्या मदत विभागाकडे लॉगमधल्या शेवटच्या चार ओळी मागितल्या. उत्तर आलं की धोरणानुसार लॉग देता येत नाही. मग लॉग तुम्ही वाचा आणि काय लिहिलंय ते सांगा, असं कळवलं. त्यावर 'सर्व्हर व्यवस्थित चालू आहे, अडचण तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे' असं लिहून तक्रार बंद केली. पुन्हा उघडली, नव्या माणसाकडे गेली, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, पुन्हा बंद. एकाने तर सर्व्हरची रॅम वाढवून घ्या असा सल्ला दिला. रॅमचा आणि या एररचा काडीचाही संबंध नाही! आणि हे चालू असताना आमच्या टीममधली पोरं रात्र-रात्र बसून चालणारा कोड मोडून पुन्हा लिहीत होती, कारण सर्व्हर ज्याच्या ताब्यात तोच म्हणतोय की चूक तुमची आहे. मला आजही सगळ्यात जास्त राग त्याचा येतो. लॉग वाचायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं द्यायची नव्हती तर नको, पण न वाचता दोष आमच्या माथी मारायचा अधिकार त्यांना कुणी दिला?

शेवटी कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागातल्या साहेबांनी थेट त्यांच्या वरिष्ठांना फोन लावला, तेव्हा एक ओळ मिळाली: 'जीलिबसी 2.34 नॉट फाउंड'. संपला विषय. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या सी प्रोग्रामांची मूळ लायब्ररी. आमचा बिल्ड उबंटू 22.04 वर झाला होता, त्यात जीलिबसी 2.35 असते. सर्व्हर होता डेबियन 11, त्यात 2.31. आमच्या मॉड्यूलमध्ये मागे चालणारा एक थ्रेड (समांतर चालणारं काम) होता, आणि जीलिबसीच्या 2.34 आवृत्तीत थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली. त्यामुळे नव्या मशीनवर बांधलेली फाइल पीथ्रेड_क्रिएट हे फंक्शन 2.34 च्या शिक्क्यासह मागते आणि जुन्या सर्व्हरवर तो शिक्काच नसतो. कोडमध्ये काहीही न बदलता डेबियन 11 च्या कंटेनरमध्ये (आपल्याच मशीनवर चालणाऱ्या वेगळ्या, बंदिस्त सिस्टिममध्ये) बिल्ड केला आणि मॉड्यूल पहिल्या झटक्यात लोड झालं.

जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. म्हणून सर्व्हरवर जी ऑपरेटिंग सिस्टिम आणि जी आवृत्ती आहे, त्याच आवृत्तीच्या कंटेनरमध्ये बिल्ड कर. सर्व्हर अल्पाइनवर असेल तर मामला आणखी वेगळा, तिथे जीलिबसी नसतेच, मसल नावाची दुसरी लायब्ररी असते. त्यासाठी अल्पाइनमध्येच बांधावं लागेल.

लॉग मिळत नसेल तरी तुला काही गोष्टी स्वतः बघता येतील. लॅपटॉपवर ऑब्जडम्पला (बांधलेल्या फाइलच्या आत काय आहे ते दाखवणाऱ्या कमांडला) कॅपिटल टी चा पर्याय देऊन तुझी डॉट एसओ फाइल दाखव आणि त्यातल्या जीलिबसीच्या ओळी चाळ. सगळ्यात मोठा आकडा कुठला ते बघ. सर्व्हरवर शेल मिळत असेल तर 'एलडीडी व्हर्जन' चालवून तिथला आकडा बघ. तुझा मोठा निघाला तर तुझं दुखणं आमचंच. दुसरा उपाय म्हणजे सर्व्हरवर पाच-सहा ओळींचा सी प्रोग्राम लिहायचा, जो तुझी फाइल डीएलओपनने 'आरटीएलडी नाऊ' लावून उघडतो आणि फसलं तर डीएलएरर छापतो. रेडिसही असंच उघडतो, त्यामुळे लॉगमध्ये जे आलं असतं बहुतेक तेच तुला समोर दिसेल.

'बहुतेक' म्हणायला एक कारण आहे, आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. डेबियनच्या पॅकेजमधून बसवलेला रेडिस सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) कुंपणात चालतो. त्याला होम फोल्डर दिसत नाही आणि टेम्प फोल्डरही त्याचं स्वतःचं वेगळं असतं. तू फाइल होममध्ये किंवा टेम्पमध्ये ठेवली असशील तर तुला ती दिसेल, तुझ्या छोट्या प्रोग्रामलाही दिसेल, पण रेडिसला दिसणार नाही. यूएसआर खालच्या लिबमध्ये फोल्डर करून तिथे ठेव आणि परवानगी दे.

लिंक करतानाचंही एक सांगतो. शेअर्ड लायब्ररी बांधताना जीसीसी न सापडलेल्या नावांबद्दल गप्प बसतो. फंक्शनच्या नावात अक्षर चुकलं, किंवा कर्लसारखी बाहेरची लायब्ररी जोडायची राहिली, तरी फाइल तयार होते आणि बोंब लोड करताना उठते. लिंकरला 'झेड डेफ्स' हा पर्याय देऊन ठेव, म्हणजे तक्रार तुझ्याच टेबलावर येईल. रेडिसची स्वतःची फंक्शनं यात अडकत नाहीत, कारण हेडरमध्ये ती पॉइंटर म्हणून असतात आणि ऑनलोडमधल्या इनिटच्या वेळी भरली जातात. पण म्हणूनच नव्या आवृत्तीची हेडर घेऊन जुन्या सर्व्हरवर गेलास तर तिथे नसलेल्या फंक्शनचा पॉइंटर रिकामा राहतो. मॉड्यूल लोड होतं आणि ते फंक्शन बोलावल्याक्षणी अख्खा सर्व्हर कोसळतो. हेडर सर्व्हरच्या आवृत्तीचीच घे.

आणि 'मॉड्यूल कमांड नॉट अलाउड' अशी वेगळी एरर आली तर गोंधळू नकोस. रेडिस 7.0 पासून चालू सर्व्हरवर मॉड्यूल लोड करायची कमांड मुळातच बंद असते. कॉन्फिगमध्ये 'एनेबल मॉड्यूल कमांड' ला 'लोकल' कर किंवा सरळ 'लोडमॉड्यूल' ची ओळ टाक. मात्र ती ओळ पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या चालू सर्व्हरवर टाकून बघू नकोस. कॉन्फिगमधलं मॉड्यूल लोड झालं नाही तर रेडिस सुरूच होत नाही, आणि मग होस्टिंगवाल्यांना 'बघा, तुमच्यामुळे सर्व्हर पडला' म्हणायला आयतं निमित्त मिळतं.

लोड झाल्यानंतरचंही आत्ताच सांगून ठेवतो, कारण तुझा विषय हीट नंबरचा आहे आणि त्यात मला एक धोका दिसतोय. तू लिहिलंयस की खालच्या पातळीच्या एपीआयने की उघडून किंमत थेट लिहितोस. तसं लिहिलेलं आपोआप रेप्लिकाला (मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरला) जात नाही आणि एओएफ फाइलमध्येही (डिस्कवरच्या बदलांच्या नोंदीत) उतरत नाही. कमांडच्या शेवटी 'रेप्लिकेट व्हर्बेटिम' बोलवायला हवं. रेडिसमॉड्यूल_कॉल वापरून साधी इन्क्र (आकडा एकने वाढवणारी कमांड) चालवत असशील तर फॉरमॅटमध्ये उद्गारचिन्ह हवं. हे राहिलं तर काही महिने कुणालाच काही कळत नाही. मग एक दिवस मुख्य सर्व्हर पडतो, रेप्लिका पुढे येते आणि तिच्याकडे जुनाच आकडा असतो. साखर कारखान्यात पाळीचा नंबर दोनदा गेला तर यार्डात भांडण होतं आणि मिटतं. फौंड्रीत एकच हीट नंबर दोन वेगळ्या वितळींना गेला तर कास्टिंग कुठल्या धातूचं हे शोधायचा धागाच तुटतो. फौंड्रीच्या गिऱ्हाइकाकडून माल परत आला तर कुठला लॉट बाजूला काढायचा हे कुणीच सांगू शकणार नाही. त्यामुळे हे आजच तपास. नंबरात तू वेळ किंवा यादृच्छिक आकडा मिसळत असशील तर व्हर्बेटिमही चालणार नाही, कारण रेप्लिका तीच कमांड पुन्हा चालवून वेगळा आकडा काढेल. तिथे तयार झालेली किंमत लिहिणारी साधी कमांड रेप्लिकेट कर.

कमांडच्या नोंदीत 'राइट' हा फ्लॅग आहे ना, तेही बघ. तो नसेल तर रेप्लिकाही ती कमांड मुकाट चालवून घेते.

स्वतःचा डेटा टाइप मात्र करू नकोस, हे माझं ठाम मत आहे. इथले काही जाणकार सहमत होणार नाहीत, चालेल. तसा टाइप नोंदवला की मॉड्यूल चालू सर्व्हरवरून काढता येत नाही. आणि आरडीबी फाइलमध्ये (डेटाच्या डिस्कवरच्या प्रतीत) त्या टाइपचा डेटा गेला, मग कुणी तुझी 'लोडमॉड्यूल' ची ओळ काढून सर्व्हर रीस्टार्ट केला, तर तो डेटा वाचता येत नाही म्हणून रेडिस उठतच नाही. लॉगही न वाचणाऱ्या लोकांच्या हातात सर्व्हर असताना एवढी जोखीम घेऊ नये. हॅश आणि स्ट्रिंगमध्ये तुझं सगळं बसतं.

आणखी एक, जे तुला कदाचित आवडणार नाही. फक्त नंबर द्यायचा आणि दोन अटी तपासायच्या एवढंच काम असेल तर मॉड्यूलची गरज नाही. ल्युआ स्क्रिप्टही (रेडिसच्या आतच चालणारा छोटा प्रोग्राम) मध्ये कुणाला घुसू न देता एका दमात चालते आणि तिला ना जीलिबसी लागते ना कुणाची परवानगी. मॉड्यूल तिथेच करावं जिथे सी ची लायब्ररी जोडायची आहे किंवा ल्युआचा वेग खरोखर कमी पडतो. तुझ्या पोस्टवरून स्पेक्ट्रोमीटरचं (धातूत काय-काय आहे ते मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंगही वाचायचंय असं वाटलं. तसं असेल तर मॉड्यूल योग्य आहे, फक्त ते वाचन मुख्य थ्रेडवर करू नकोस. ब्लॉक क्लायंट वापर, म्हणजे मागणारा तेवढाच थांबेल, नाहीतर एक रीडिंग येईपर्यंत सगळे थांबतील.

होस्टिंगवाल्यांशी यापुढे फोनवर बोलू नकोस, जे काय ते लेखी. ईमेल गिऱ्हाइकाच्या नावाने जाऊ दे, कारण करार त्यांचा आहे आणि तुझ्या पत्राला ते दाद देणार नाहीत. मजकूर साधा ठेव: अमुक तारखेला अमुक वाजता मॉड्यूल लोड करायचा प्रयत्न केला, त्या वेळेच्या आसपासच्या रेडिस लॉगच्या ओळी पाठवाव्यात. वेळ मिनिटासकट दे, म्हणजे 'सापडत नाही' म्हणता येणार नाही. शक्य झालं तर पुढच्या वेळी काम घेतानाच अट घालून घे की रेडिसचा लॉग आपल्याला वाचता यायला हवा. आम्ही आता ती अट मान्य झाल्याशिवाय कोटेशनच देत नाही. बऱ्याच क्लाउड कंपन्यांच्या तयार सेवेत तर स्वतःचं मॉड्यूल चालवूच देत नाहीत, तेही आधीच विचारून घ्यावं.

तुझ्याकडे ऑब्जडम्प चालवून जीलिबसीचा सगळ्यात मोठा आकडा काय येतो आणि सर्व्हरवर कुठली ऑपरेटिंग सिस्टिम आहे, एवढं इथे लिही. रात्री नऊनंतर मी असतो, बघून सांगतो.