व्हेट सेंटरला पहिल्यांदा जाताना

काल तू विचारलंस, "मी लढाईत होते असं म्हणू शकते का?" हो, म्हणू शकतेस. 2013 पर्यंत अमेरिकी लष्करात बायकांना जमिनीवरच्या थेट लढाऊ तुकड्यांत नेमणूक मिळत नव्हती. त्यामुळे इराकमध्ये रसद नेताना ट्रकखाली बॉम्ब फुटले तरी कागदावर आपण वाहनचालकच राहिलो. त्या कागदावरून स्वतःचं दुखणं मोजू नकोस.

सुरुवात व्हेट सेंटरपासून कर. ही माजी सैनिकांसाठीची, व्हीएच्या (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या) हॉस्पिटलांपासून वेगळी, छोटी केंद्रं आहेत, देशभरात 300 च्या आसपास. युद्धक्षेत्रात सेवा झालेल्यांना समुपदेशन मोफत, व्हीएत नावनोंदणीचीही अट नाही. फोनवरच सांग, "मला बाई समुपदेशक हवी." मी हे मागायला लाजले होते. त्यात वेटिंग रूममध्ये एकाने विचारलं, "नवऱ्याला घेऊन आलात का?" मी तशीच परत फिरले. पुन्हा जायला सात महिने लागले, आणि ते महिने फार वाईट गेले गं.

लष्करात आपल्याच माणसांकडून लैंगिक अत्याचार झाला असेल, तर व्हीएत त्यावरचे उपचारही मोफत आहेत. तेव्हा तक्रार केली नसली, हातात पुरावा नसला, तरीही. पहिल्या भेटीत सगळं सांगून टाकायची गरज नाही. झोप लागत नाही, एवढं सांगितलंस तरी पुरे.

रात्री अगदीच असह्य झालं तर 988 लाव आणि 1 दाब, माजी सैनिकांची संकटकालीन मदतवाहिनी लागेल. पहिल्या दिवशी सोबत हवी असेल तर कळव, मी गाडी घेऊन येते.