दुसऱ्या ‘सी’वरचा कंट्रोल काढा

प्रश्न : ताई, मी ऐरोलीत नोकरी करतो, कोड लिहायला ईमॅक्स हा एडिटर वापरतो. सी भाषेच्या फाइलमध्ये कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबलं की निवडलेल्या ओळी कॉमेंट होतात, म्हणजे प्रोग्राम त्या चालवत नाही. पायथनमध्येही तसंच व्हावं म्हणून इनिट फाइलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल) ती जोडी ग्लोबल, म्हणजे सगळीकडे चालेल अशी, लावली. तरी पायथनमध्ये कॉमेंट होतच नाही, सगळी फाइल शेलकडे, म्हणजे पायथन चालवणाऱ्या खिडकीकडे, जाते. माझं काय चुकतंय? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : ओळ बरोबर आहे, जागा चुकली. गंमत म्हणजे सीच्या फाइलमध्येही तुमची ओळ चालत नाहीये. तिथे ही जोडी सी मोडनेच (मोड म्हणजे त्या प्रकारच्या फाइलसाठीची ईमॅक्सची मांडणी) कॉमेंटसाठी ठेवलेली आहे. पायथन मोडने तीच जोडी फाइल शेलकडे धाडायला घेतलीय. की दाबली की ईमॅक्स आधी मायनर मोडना (वरून चालू केलेल्या छोट्या सोयी) विचारतो, मग मेजर मोडला (फाइलच्या प्रकाराचा मुख्य मोड), आणि दोघांनीही नाही म्हटलं तरच ग्लोबल नेमणुकीकडे वळतो. म्हणजे तुमचा नंबर शेवटचा.

कंट्रोल-सी नंतर कंट्रोलसकट अक्षर आलं, तर ती जागा मेजर मोडची. नुसतं अक्षर, लहान किंवा कॅपिटल, आलं तर ती तुमची. पॅकेज, म्हणजे ईमॅक्सला जोडायच्या सोयी, लिहिणाऱ्यांनी तिथे गाडी लावायची नाही, असं ईमॅक्सच्या मॅन्युअलमध्येच आहे. एफ ५ ते एफ ९ ही बटणंही, सोबत कंट्रोल-शिफ्ट काही नसेल तर, तुमचीच. तेव्हा इनिटमधली ओळ राहू द्या, फक्त दुसऱ्या सीवरचा कंट्रोल काढा.

हे शहाणपण मलाही फुकट मिळालेलं नाही. मीही हीच जोडी ग्लोबल लावली होती. एकदा घरी, नौपाड्यात, ईमॅक्समधूनच साहेबांना मेल लिहीत होते. खाली चिकटवलेला एक तुकडा कॉमेंट करायला सवयीने बोटं पडली. मेल लिहिण्याच्या मोडमध्ये कंट्रोल-सी कंट्रोल-सी म्हणजे ‘पाठव आणि बंद कर’. गेलं. मजकूर होता, ‘साहेब, उद्या मला’. पाच मिनिटांत उत्तर : ‘काय?’

नवीन की लावण्याआधी कंट्रोल-एच के दाबून मग ती की दाबा. ती कुणाच्या ताब्यात आहे ते कळतं. पण हे पायथनच्या फाइलमध्ये उभं राहून करा, दुसऱ्या मोडमधलं उत्तर इथे कामाचं नाही. कंट्रोल-जीला मात्र हात लावू नका, अडकलात की सुटायची तीच वाट.

कॉमेंट मराठीत लिहीत असाल तर आणखी एक. लिनक्सवर सिस्टीमचा इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड चालू ठेवला की सीच्या बटणावर म येतो, आणि ईमॅक्स ‘कंट्रोल-म’ अशी की नाही म्हणून कुरकुरतो. सिस्टीम इंग्रजीतच ठेवा. ईमॅक्समध्ये कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबा, पहिल्यांदा नाव विचारेल तिथे ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ निवडा. मजकूर मराठीत उमटतो, आणि कंट्रोल-सी सी जिथल्या तिथे चालतं.