सही कोणाची?

प्रिय पोरी,

तुझ्या अंतराळ-कादंबरीचा मसुदा आणि टिपणं दोनदा वाचली. नायिका पंचविसाव्या वर्षी कमांडर, सत्ताविसाव्या वर्षी अंतराळ-ताफ्याची ॲडमिरल आणि तिशीत मंगळाच्या संसदेत संरक्षणमंत्री. शेवटी तू विचारलं आहेस, "लढाया जमतात, पण राजकारण सुरू झालं की ती कागदी वाटायला लागते. काय करू?"

ती संसदेत गेल्यावर कागदी झालेली नाही. ती पाचव्या पानावरच कागदी झाली. तिथे तू लिहितेस, "तिच्या शौर्याची दखल घेऊन तिला बढती मिळाली." मिळाली म्हणजे काय? आभाळातून पडली? कोणी दिली, कोणाच्या विरोधाला न जुमानता दिली, फाइलवर सही कोणाची? हे एक वाक्य तू टाळलंस आणि पुढची तीनशे पानं त्याची किंमत मोजत आहेत.

नौदलातला हुद्दा ही कोणाची तरी सही असते. सही करणाऱ्याला त्यातून काहीतरी हवं असतं, आणि ज्याच्या नावावर ती झाली नाही तो ते विसरत नाही. लष्करी कारकीर्द आणि राजकीय कारकीर्द अशा दोन वेगळ्या गोष्टी नसतातच. पहिल्या नेमणुकीच्या कागदावरच राजकारण सुरू झालेलं असतं. तू ते विसाव्या प्रकरणात 'सुरू' करायला निघाली आहेस, म्हणून ते उपरं वाटतं.

ब्रिटिश नौदलाचा गाजलेला ॲडमिरल नेल्सन, त्याचं बघ, कारण अंतराळातले निम्मे कप्तान त्याच्याच साच्यातून निघालेले असतात. १७७७ मध्ये त्याने लेफ्टनंटची परीक्षा दिली तेव्हा परीक्षा घेणाऱ्या मंडळावर त्याचे सख्खे मामा मॉरिस सकलिंग होते, नौदलाचे कंट्रोलर. १७७९ मध्ये विसाव्या वर्षी तो कॅप्टन झाला, तो जमैका ठाण्याचे प्रमुख पीटर पार्कर यांच्या कृपेने. तोवर मामा वारलेले होते, पण ओळख त्यांनी लावून दिलेली होती. विसाव्या वर्षी कॅप्टन हे तुलाही चालेल. मामा दाखव म्हणजे झालं. आणि पुढचं जास्त मोलाचं आहे. कॅप्टनांच्या यादीत एकदा नाव चढलं की त्या काळात ॲडमिरलपद फक्त ज्येष्ठतेने येई. वरचे मरतील किंवा वर सरकतील तसं. केप सेंट व्हिन्सेंटची लढाई १४ फेब्रुवारी १७९७ ची. नेल्सन रिअर ॲडमिरल झाला २० फेब्रुवारीला, पण तो त्या लढाईमुळे नव्हे. लढाईची बातमी तोवर लंडनला पोचलीच नव्हती. त्याची पाळी आली होती, इतकंच. लढाईबद्दल मिळाला तो किताब. हुद्दा आणि किताब यांच्या सह्या वेगळ्या टेबलांवर होतात, हे तुझ्या कथेत कुठेच दिसत नाही.

त्याआधी १७८७ च्या अखेरीपासून १७९३ च्या सुरुवातीपर्यंत हाच माणूस नॉरफोकमधल्या बर्नहॅम थॉर्प या गावी अर्ध्या पगारावर बसून होता. पाच वर्षं. जहाज नाही, काम नाही, फक्त अर्जांवर अर्ज. शांततेच्या काळात अधिकाऱ्याचं काय होतं हे तू एका ओळीतही दाखवलेलं नाहीस. तुझ्याकडे दोन युद्धांमध्ये सहा वर्षांची तह-संधी आहे. त्या सहा वर्षांत तुझी नायिका काय करते? कोणाच्या दारात उभी राहते? माझ्या मते तुझी कादंबरी तिथे आहे. तू ती "सहा वर्षांनंतर" या दोन शब्दांत संपवलीस, आणि याचा मला खरोखर राग आला.

या जातीच्या कथांत सगळ्यात नीट बांधलेली कारकीर्द म्हणजे डेव्हिड वेबर यांच्या कादंबरीमालेतली अंतराळ-कप्तान ऑनर हॅरिंग्टन. १९९३ पासूनची. तुला ती आवडते हे टिपणांवरून दिसतंच, पण तू तिच्या लढाया उचलल्यास आणि तिचे कागद सोडलेस. सुरुवातीला तिला एक जुनी हलकी क्रूझर मिळते, तीही प्रयोगासाठी नेहमीच्या तोफा काढून घेतलेली, आणि तिची रवानगी होते अशा आडबाजूच्या ठाण्यावर जिथे कोणालाच जायचं नसतं. तिथला तिचा वरिष्ठ तिला गोत्यात आणायला स्वतःचं जहाज दुरुस्तीला घेऊन निघून जातो. ती काय करते? जकातीची तपासणी नियमाप्रमाणे सुरू करते. बस, एवढंच. आणि बड्या व्यापाऱ्यांशी तिचं वाकडं येतं. पुढे ती द्वंद्वात त्या वरिष्ठालाच मारते. कायद्याने ती निर्दोष असते, तरी उमरावांचं सभागृह तिला बाहेर काढतं, नौदल अर्ध्या पगारावर बसवतं. मग ती ग्रेसन नावाच्या दोस्तराष्ट्रात जाते, जिथे ती आधीच सरंजामदार आहे, आणि तिथल्या नौदलात ॲडमिरल होते. आपल्या मूळच्या नौदलात मात्र कॅप्टनच. एकाच बाईच्या अंगावर दोन हुद्दे, दोन राज्यांच्या दोन सह्या. वाचक शेवटपर्यंत तिच्यामागे जातो, कारण प्रत्येक बढतीबरोबर एक दार बंद होताना त्याला दिसतं.

तुझ्या नायिकेचं एकही दार बंद होत नाही. सगळे तिच्यावर खूश. पोरी, असं नौदल नसतं. असं सरकारी कार्यालयसुद्धा नसतं.

आता कामाचं. तिचं सेवापुस्तक तयार कर. खरंखुरं, वहीत आखून. सात रकाने: तारीख, वय, हुद्दा, जहाज किंवा जागा, सही करणारा, त्याने सही का केली, आणि त्या सहीने कोण दुखावलं. पाचवा, सहावा आणि सातवा रकाना भरल्याशिवाय ओळ पुरी झाली असं समजायचं नाही. जोडीला दरवर्षीचा गोपनीय अहवाल, दोन-दोन ओळींचा, वरिष्ठाच्या भाषेत. "धाडसी आहे, परंतु सल्ला घेत नाही" असा एक शेरा दहा वर्षांनी चौकशीत वाचला जातो तेव्हा अख्खं प्रकरण उभं राहतं. वयाचाही हिशेब कर. आपल्या भारतीय नौदलात सेवेच्या साधारण तेराव्या वर्षी कमांडर होता येतं, आणि कॅप्टनपदासाठी पुढे निवड मंडळ असतं. बाविसाव्या वर्षी कमिशन धरलं तर कमांडर व्हायला पस्तिशी येते. तुला पंचविशीत हवी असेल तर दहा वर्षं कोणी आणि का खाल्ली ते सांग. युद्धात वरचे अधिकारी मेले? मग ते किती, कुठल्या जहाजांवर, आणि त्यांच्या घरच्यांना ही पोरगी त्यांच्या जागी बसलेली बघून काय वाटतं?

पैशाची सहीसुद्धा विसरू नकोस. अंतराळात ती सगळ्यात जाड असते. तुझं जहाज कोरडं, म्हणजे इंधनाविना, हजार टनांचं आहे आणि इंजिन हायड्रोजन-ऑक्सिजनचं, म्हणजे ज्वाळेचा वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास. जहाजाचा वेग एकूण सेकंदाला ९ किलोमीटरने बदलायचा असेल तर निघताना वजन सुमारे ७,४०० टन लागतं. आणखी साडेचार किलोमीटर हवेत? मग २०,००० टन. वेग दीडपट, इंधन जवळजवळ तिप्पट. तुझी कप्तान चौथ्या प्रकरणात "पूर्ण वेगाने पाठलाग करा" म्हणते तेव्हा ती अर्थखात्याचं वर्षाचं अंदाजपत्रक जाळत असते. त्या इंधनाच्या मागणीपत्रावर सही कोणाची होती? पाठलाग फसला तर तोच माणूस संसदेत तिचा पहिला शत्रू, आणि जिंकली तर पहिला मित्र. बघ, राजकारण कुठून येतं ते. ते वेगळं आणावं लागत नाही.

अंतराचंही तसंच. पृथ्वी-मंगळ संदेश जायला ३ ते २२ मिनिटं लागतात, कक्षा कुठे आहेत त्यावर. म्हणजे लढाईच्या ऐन क्षणी कप्तान एकटी. पण माणसं न्यायची तर कमी इंधनाच्या मार्गाने साडेआठ महिने, आणि तो मार्ग साधारण २६ महिन्यांनी एकदा उघडतो. तुझ्याकडे चौकशीचा हुकूम मंगळावरून सुटतो आणि पुढच्या परिच्छेदात ती न्यायासनासमोर उभी. अशक्य. खरं काय होईल? हुकूम वीस मिनिटांत पोचेल, ती स्वतः दोन वर्षांनी. मधल्या काळात जहाज कोणाच्या ताब्यात? ज्याने तिला पदावरून उतरवलं त्याचं सरकार तोवर पडलेलं असेल. मग सही एका सरकारची आणि निकाल दुसऱ्याचा. ही सोन्याची खाण आहे आणि तू तिच्यावरून उडी मारून गेलीस.

न्यायासनाचा प्रसंग लिहिशील तेव्हा ब्रिटिश ॲडमिरल बिंग डोळ्यांसमोर ठेव. १७५६ मध्ये भूमध्य समुद्रातलं मिनोर्का बेट फ्रेंचांपासून वाचवायला त्याला अपुऱ्या खलाशांनिशी उशिरा पाठवलं. बेट गेलं. जनता खवळली, मंत्रिमंडळाला कोणीतरी हवा होता. १७४९ च्या सुधारणेने 'शक्य ते सर्व न करणे' या गुन्ह्याला देहान्ताखेरीज शिक्षाच उरली नव्हती. न्यायासनाने तेवढ्याच कलमाखाली दोषी धरलं आणि वर दयेची शिफारसही केली. राजाने ती नाकारली. १४ मार्च १७५७ ला त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती, तो जहाजाच्या डेकवर उशीवर गुडघे टेकून बसला आणि इशारा म्हणून त्याने हातातला रुमाल स्वतःच खाली टाकला. आता मोज: उशिरा पाठवण्याचा निर्णय कोणाचा, कायदा कडक करणारे कोण, शिक्षा देणारे कोण, दया नाकारणारा कोण. चार जागा, चार सह्या, आणि मेला पाचवा. तुझ्या प्रसंगात एक खलनायक न्यायाधीश आहे आणि तो नुसता ओरडतो. खलनायक काढून टाक. चार सभ्य माणसं आपापल्या सहीपुरती बरोबर असू देत.

आणि आपल्याकडचं उदाहरण तुला सुचलं नाही याचं मला वाईट वाटलं, रागापेक्षा वाईटच. मराठीत आरमाराची कथा लिहायची आणि कान्होजी आंग्रे नाहीत? त्यांच्याकडे सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, होतं ते ताराबाईंच्या बाजूचं. शाहूमहाराजांनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे पाठवले, तर त्यांनी पेशव्यालाच कैद केलं. मग बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेले. तह झाला, पिंगळे सुटले, आणि कान्होजी शाहूंचे सरखेल झाले. जहाजं तीच, किल्ले तेच, माणसंही तीच. सनदेवरचा शिक्का तेवढा बदलला. एका तहाच्या कागदावर अख्खं आरमार या बाजूचं त्या बाजूला. समुद्रावरची त्यांची सत्ताही कागदाचीच होती. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेऊन जा, नाहीतर जहाज धरलं जाईल. इंग्रज ते घ्यायला तयार नव्हते, कारण दस्तक घेणं म्हणजे त्यांची सही मान्य करणं. म्हणून त्यांना चाचा ठरवलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले आणि हात हलवत परत गेले. ते आरमार बुडालं कधी? १७५६ च्या फेब्रुवारीत, विजयदुर्गाखाली, कान्होजींचे चिरंजीव तुळाजी यांच्या वेळी. समोर इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह होते आणि त्यांच्याशी हातमिळवणी केलेले खुद्द पेशवे. ज्यांच्या राज्याचं आरमार, त्यांच्याच संमतीने ते जळालं. तुझ्या शेवटच्या लढाईत परग्रहावरचा शत्रू कशाला हवा?

संसदेबद्दल थोडक्यात, कारण बाकीचं बसलं की ते आपोआप बसेल. वर्दीत असताना तुझ्या राज्यात निवडणूक लढवता येते का, हे पहिल्या पानाआधी ठरव. आज भारतात वर्दी उतरवावीच लागते. जुन्या ब्रिटनमध्ये चालायचं, आणि त्याने काय होतं ते लॉर्ड कॉकरेनकडे बघ. १८०९ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर बास्क रोड्सला त्याने पेटती जहाजं फ्रेंच ताफ्यात घुसवली, वरिष्ठ गॅम्बियर मदतीला वेळेत पुढे सरकला नाही. सरकार गॅम्बियरच्या अभिनंदनाचा ठराव आणणार होतं. कॉकरेन वेस्टमिन्स्टरचा खासदार, म्हणाला मी विरोध करणार. गॅम्बियरने स्वतःच कोर्ट-मार्शल मागून घेतलं आणि निर्दोष सुटला. कॉकरेनची ब्रिटिश नौदलातली वाट मात्र बरीच वर्षं बंद झाली. कॅप्टन म्हणून सही ॲडमिरल्टीची, म्हणजे नौदल खात्याची, खासदार म्हणून मतदारांची. एका माणसाने दोन सह्यांशी इमान राखायचं ठरवलं की असं होतं. तुझ्या नायिकेची मंत्री होण्याची गोष्ट ही हीच आहे.

मी तपशिलांचा हट्ट धरतो आणि नव्या लिहिणाऱ्यांचा उत्साह मारतो, असं माझ्याबद्दल बोललं जातं. बोलू देत. ज्यांना मी पूर्वी नुसतं "छान आहे, लिहीत राहा" म्हणालो, त्यांच्या कप्तानांना वाचक विसरले. ती चूक माझी होती, आणि तुझ्या बाबतीत मी ती करणार नाही. तुझी लढाई मला आवडली. अंधारात इंजिनं बंद करून, फक्त जहाजाच्या ऊबेवरून शत्रूने हेरू नये म्हणून ती खोल्यांमागून खोल्या थंड करत जाते, खलाशांच्या मिशांवर बर्फ धरतं, ते पान तुझंच आहे आणि दुसऱ्या कोणाला लिहिता आलं नसतं. म्हणूनच चिडतो आहे.

आता पुढचं प्रकरण लिहू नकोस. पाचवं पान परत लिही. बढतीच्या मंडळाची खोली, टेबलावर तीन नावं, जागा एक. अध्यक्ष तिच्या नावापुढे सही करायच्या आधी दुसऱ्या एका नावाकडे क्षणभर बघतो. ते दुसरं नाव कोणाचं, आणि तो माणूस पुढे कुठल्या जहाजावर जातो, हे ठरवून सेवापुस्तकाच्या वहीसकट मला पाठव. सातवा रकाना कोरा दिसला तर वही तशीच परत येईल.

तुझा,
काका