मानशीचे दार कधी मिटते?

वाचकांचे प्रश्न : पर्यावरण शिक्षण

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आठवीच्या 45 मुलांना खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन) आणि कांदळवन दाखवायला चोडण बेटावर नेले. मानस (बांधातले, पाणी सोडणारे-अडवणारे लाकडी दार) पाहिली, पण तिथे काही घडलेच नाही. मुले कंटाळली. काय चुकले?

उत्तर : बहुधा वेळ चुकली. मानस ही पाहायची वस्तू नाही, ती काम करत असताना पाहायची असते. दाराच्या फळ्या नदीच्या बाजूला उघडतात. सुकतीला (ओहोटीला) आतले पाणी त्यांना बाहेर ढकलते. भरतीला बाहेरचे पाणी त्याच फळ्या चौकटीवर दाबून धरते. तुम्ही भर भरतीत पोचला असाल, तर मुलांना एक बंद लाकडी दार आणि गढूळ पाणी एवढेच दिसले असणार.

मुरगाव बंदराच्या भरती-सुकतीच्या तक्त्यात सकाळी नऊ-साडेनऊला पूर्ण सुकती असलेला दिवस निवडा. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून सहल आठवड्याने ढकलली तर तक्ता पुन्हा पाहायचाच. दोन गोष्टींत हमखास गफलत होते. एक, तक्ता समुद्रमुखाचा असतो. नदीत जितके आत जाल तितकी सुकती उशिरा लागते. आदल्या दिवशी मानशीपाशी सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी रोवून दर 15 मिनिटांनी पाणी वाचा, म्हणजे तुमच्या जागेचा उशीर कळेल. दुसरी गफलत पुस्तकातली : सुकती संपली की दार मिटते, असे मुलांना सांगून ठेवतात. तसे होत नाही. पाणी परतू लागल्यावरही बाहेरची पातळी आतल्या पातळीच्या खालीच असते, तोवर आतले पाणी वाहतच राहते. दोन्ही पातळ्या जुळल्या की फळ्या थरथरतात आणि मग मिटतात. याला तासभर, कधी दोन तासही लागतात. आत एक आणि बाहेर एक काठी लावून मुलांकडूनच आकडे लिहून घ्या. दोन रेषा आलेखावर जिथे भेटतात ती वेळ आणि दार मिटल्याची वेळ मुलांनी ताडून पाहिली, की कंटाळा येत नाही.

45 मुले एकदम मानशीवर उभी करू नका. नऊ-नऊजणांचे पाच गट करा, प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस द्या, आणि मानशीवर एका वेळी एकच गट असू द्या. बाकीच्यांना बांधावर तिवर आणि कांदळ या दोन झाडांतला फरक शोधू दे : तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कांदळाची खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात. कोरड्या दिवसात तिवराच्या पानावर बोट फिरवले की मिठाचे बारीक कण लागतात; पाऊस पडून गेला असेल तर ते धुऊन जातात, तेव्हा शोधत बसू नका.

परवानगी दोन ठिकाणी लागते, आणि दुसरी लोक विसरतात. चोडणच्या पक्षी अभयारण्यात जाणार असाल तर वन खात्याची. मानशीसाठी मात्र खाजन कसणाऱ्यांच्या कूळ संघटनेला विचारा आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव ज्याने घेतला असेल त्यालाही. मुलांच्या गोंगाटाने त्याच्या जाळ्याचा खेळखंडोबा होतो, आणि तो ओरडतो तेव्हा चूक त्याची नसते.

प्रश्न : पर्यावरण क्लबसाठी स्वस्त टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) घेतला. विहिरीवर चालतो, पण खाडीत बुडवला की आकडा येत नाही. मीटर बिघडला का? (काणकोण)

उत्तर : नाही. हे मीटर बहुधा 9990 पीपीएमपर्यंतच वाचतात आणि समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार, म्हणजे 35,000 पीपीएमच्या घरात असतात. पाणी पातळ करा. 20 मिली नमुन्यात 180 मिली डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीत घालतात तेच) घालून ढवळा आणि येईल तो आकडा 10 ने गुणा. नळाचे पाणी वापरू नका, त्याचे क्षार मिसळतात. मोजल्यावर टोक डिस्टिल्ड पाण्यात बुडवून पुसा. मीठ वाळून बसले की पुढचे सगळे आकडे फुगतात.

हा मीटर क्षार मोजत नाही, विजेचे वहन मोजून त्यावरून अंदाज बांधतो. म्हणून आकडा तंतोतंत मानू नका. त्याच जागी मे आणि जुलैत घेतलेल्या आकड्यांतला फरक मात्र विश्वासाने सांगा.

नमुना वरवरचा घेतला तर फसाल, कारण खारे पाणी जड म्हणून तळाशी राहते. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी सुतळी बांधा, बाटली हव्या त्या खोलीवर सोडा आणि सुतळी ओढून बूच काढा. बुडबुडे थांबले की बाटली भरली.

प्रश्न : बी.एड.च्या पाठ टाचणात ‘मुलांत पाण्याविषयी जागृती निर्माण होईल’ असे उद्दिष्ट लिहिले. मार्गदर्शकांनी ते खोडले. का? (फोंडा)

उत्तर : कारण ते झाले की नाही, हे तुम्ही तास संपल्यावर सांगू शकत नाही. पर्यावरण शिक्षणावरच्या 1977 च्या तिबिलिसी परिषदेने पाच प्रकारची उद्दिष्टे मांडली : जागृती, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य, सहभाग. आपल्याकडची टाचणे पहिल्यावरच अडकतात, आणि शेवटी फलक आणि घोषणा उरतात.

तुमचेच उद्दिष्ट असे लिहून पाहा : ‘विद्यार्थी वाड्यावरच्या दोन विहिरींची पाण्याची पातळी मार्च ते मे दर आठवड्याला मोजतील, आलेख काढतील आणि फरकाचे एक कारण पुराव्यासह सांगतील.’ कौशल्य त्यात आपसूक आले. पातळी नेहमी कठड्याच्या एकाच खुणेपासून, वजन बांधलेल्या दोरीने, सकाळी पंप सुरू होण्याआधी मोजायची. पंप चालू असताना घेतलेला आकडा विहिरीचा नसून पंपाचा असतो, आणि वर्गात कोणीतरी तो आणतोच. त्याला फटकारू नका. पातळी पंपाने कशी खाली गेली, हाच त्या दिवसाचा धडा करा.

प्रश्न : शाळेत मध्यान्ह आहाराचे उरलेले पाव आणि भाजी कंपोस्टला घालतो. आठ दिवसांत घाण वास येतो, अळ्या होतात. (सत्तरी)

उत्तर : ओले जास्त, सुके कमी. पावाचा लगदा होतो, हवा जात नाही, आणि हवेविना कुजले की वास येतो. एक बादली उष्ट्याला अडीच-तीन बादल्या सुकी पाने घाला, पाव कुस्करून टाका, आठवड्यातून दोनदा उलथा. मूठभर माल पिळल्यावर एक-दोन थेंब पडले तर ओल बेताची. धार लागली तर आणखी पाने घाला. अळ्या दिसल्या तर वरून पानांचा चार बोटे थर पसरा. ढीग मीटरभर उंच-रुंद नसेल तर तापत नाही, आणि तापला नाही की महिनोन्‌महिने लागतात.

पावसाळ्यात सुकी पाने मिळत नाहीत, खरी अडचण तीच. काजू-आंब्याची पाने मार्च-एप्रिलमध्येच गोणींत भरून पडवीत ठेवा. रोज एक बादली उष्टे निघत असेल तर निदान साठ-सत्तर गोणी लागतील. दहा गोणी भरून ‘झाले’ म्हणणाऱ्या शाळांचे खड्डे आषाढातच बंद पडतात.