नातीला ॲक्सिलरेटेड मॅथ्समध्ये घालायचं का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलाची बदली टेक्सासला झालीय, ऑगस्टच्या आत ते तिघं डॅलसजवळ जातील. नात आत्ता पाचवीत, स्कॉलरशिपचा क्लास चालू आहे, गणित चांगलं आहे तिचं. तिथल्या शाळेत सहावीपासून ॲक्सिलरेटेड मॅथ्सचा वेगळा वर्ग असतो म्हणे. सून म्हणते आत्तापासून तयारी करून तिथेच घालू, मुलगा म्हणतो पोरीला आधी रुळू दे. त्या वर्गात मुलं घेतात कशी?
– एक आजोबा, नाशिक

उत्तर : काका, नावावरून ऑलिम्पियाडची बॅच वाटते पण तसं काही नाहीये. सहावी ते आठवीचं गणित साधारण दोन वर्षांत उरकायचं आणि आठवीत अल्जेब्रा वन घ्यायचं, म्हणजे मग जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस करत बारावीत कॅल्क्युलसला पोचता येतं, सगळी धावपळ त्यासाठी.

निवडीची पद्धत जागोजागी वेगळी, कुठे टेस्ट, कुठे टीचरचं मत, कुठे दोन्ही. टेक्सासने मात्र २०२३ मध्ये कायदाच केला, एसबी २१२४. पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेली मुलं सहावीत आपोआप ॲडव्हान्स्ड, म्हणजे ह्याच वेगाच्या वर्गात जातात, नको असेल तर पालकांनी नाही म्हणायचं. मला हे पटतं, कारण नुसतं मागेल त्याला ठेवलं की ज्या आईबापांना माहिती असते त्यांचीच मुलं जातात आणि बाकीची हुशार पोरं तशीच राहतात.

आता नातीची गोची अशी की हे ४० टक्के एकतर राज्याच्या स्टार परीक्षेवरून काढतात नाहीतर शाळेच्या स्वतःच्या निकषावरून, म्हणजे पाचवीतला वर्गातला नंबर किंवा गणितातलं काम बघून. तिने स्टार दिलेलीच नसणार! म्हणून ॲडमिशनलाच विचारा की बाहेरून आलेल्या मुलांचं कसं ठरवता, टेस्ट असेल तर कधी, आणि वर्ग चुकीचा वाटला तर परत कधी बघता. कॅलिफोर्नियात २०१५ च्या कायद्याने नववीच्या गणितासाठी पहिल्या महिन्यातच फेरतपासणी ठेवलीय, टेक्सासला तो लागू नाही पण विचारायला काय जातं. शाळेकडून इंग्रजीतली शिक्क्याची मार्कशीट घ्या, पाचवीचं गणिताचं पुस्तकही बॅगेत टाका, काय काय झालंय ते दाखवता येतं.

तयारीचं म्हणाल तर क्लासचे अजून सेट सोडवून फार उपयोग नाही. आपल्या मुलांचे पाढे, भागाकार पक्के असतात, अडतात ती इंग्रजी शाब्दिक उदाहरणांत, फूट-इंच-गॅलनमध्ये, आणि लाखाचा स्वल्पविराम तिकडे वेगळ्याच जागी पडतो त्यात. शिवाय उत्तर बरोबर असलं तरी ते का, हे वाक्यात लिहायला लावतात, आपल्याकडे ही सवय नसते. सुट्टीत रोज एक-दोन उदाहरणं तिला इंग्रजीत बोलून समजावायला लावा, तुम्हीच ऐकायला बसा. आणि अपूर्णांक, गुणोत्तर कच्चं असेल तर सुनेला सांगा घाई नको, कारण वेगाच्या वर्गात हेच भाग भराभर जातात आणि अल्जेब्रात तेच पाय ओढतात.

टेस्ट मात्र देऊ द्या, घोकंपट्टी न करता. जमलं नाही तर सातवीत वर चढता येतं का तेही त्याच वेळी विचारून ठेवा.

प्रश्न : आपल्याकडे असा वर्ग का नाही?
– एक आई, नाशिकरोड

उत्तर : आपल्याकडे इयत्ता एक की पुस्तक एक. सीबीएसईने २०२० च्या दहावीपासून गणिताचे स्टँडर्ड आणि त्याहून सोपा बेसिक असे दोन पेपर केले, पण अभ्यासक्रम दोघांना तोच. मुलाला शाळेतलं फारच सोपं जात असेल तर पुढच्या इयत्तेचं पुस्तक घरी वाचू द्या, त्याला फी लागत नाही.