टोकाच्या हवामानात चालायला निघताना

कडक ऊन किंवा कडाक्याची थंडी पडली की दारापर्यंत जाऊनही पाय मागे फिरतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्याबद्दल स्वतःला आळशी ठरवू नका, कारण सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकाचे असेच होते.

उन्हाळ्यातली सर्वांत मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी नेहमीचे अंतर नेहमीच्या वेगाने चालणे. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. तोवर पहाटे निम्मेच अंतर चाला. तापमानाइतकेच आर्द्रतेकडेही लक्ष द्या, कारण घाम वाळला तरच अंग थंड होते. तो नुसताच हनुवटीवरून ठिबकत असेल, तर वेग कमी करा. चक्कर किंवा मळमळ जाणवताच सावली गाठा. सोबत्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर तो उष्माघात समजून तातडीने वैद्यकीय मदत बोलवा आणि ती येईपर्यंत त्याच्या अंगावर गार पाणी ओतत राहा.

थंडीत नवखे लोक बहुधा एकच जाड कोट चढवतात, थोड्याच वेळात घामाघूम होतात आणि मग ओल्या सुती बनियनमुळे गारठतात. त्याऐवजी दोन-तीन पातळ थर घाला. निघताना किंचित थंडी वाजली, तर कपडे बरोबर आहेत.

विजा कडाडत असतील, तर मात्र बाहेर पडूच नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबा.

वेग मोजण्याची उपकरणे सध्या बाजूला ठेवा. रात्रीच बूट दाराशी काढून ठेवा आणि उद्या फक्त १० मिनिटे चालून या.