गुहागरच्या बाळाचे पाय जन्मतः आत वळलेत. मिशनवाले फुकट ऑपरेशन करतात का, आणि धर्म बदलावा लागतो का?

नाही हो, धर्माची अट नसते. 'क्युअर इंटरनॅशनल' ही मुलांवर असे मोफत उपचार करणारी ख्रिस्ती संस्था. तिचं पहिलं रुग्णालय 1998 मध्ये केनियात किजाबे इथे सुरू झालं. आजही तिची रुग्णालयं बहुतेक आफ्रिकेतच आहेत. पण त्यासाठी तुम्हाला एवढं लांब बघायची गरज नाही.

हा क्लबफूट (जन्मतः पाऊल आत वळलेलं असणं) असेल तर मोठं ऑपरेशन सहसा लागतच नाही. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाय थोडा सरळ करून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात, साधारण पाच-सहा वेळा. मग बऱ्याच बाळांच्या टाचेमागचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) छोटा छेद देऊन सोडवतात. नंतर पट्टीला जोडलेले बूट: तीन महिने जवळजवळ दिवसभर, पुढे चार-पाच वर्षं झोपताना. खरी गोम इथेच. बाळ रडतं, आजी म्हणते "काढा गो ते", आणि पाय परत वळतो.

रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात आरबीएसकेची (मुलांच्या तपासणी-उपचारांची सरकारी योजना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) चौकशी करा; आशाताईंना माहीत असतं. पावसात प्लास्टर भिजू देऊ नका, बोटं निळी दिसली तर लगेच दाखवा. आणि गणपती होईपर्यंत थांबू नका, जन्मानंतरचे पहिले काही आठवडे उपचाराला सगळ्यात सोपे.